वैशाखातलं बिकानेर

राजस्थानात जायचं तर डिसेंबर-जानेवारीत, असं सगळे सांगतात. शेती असलेल्या घराला ते जमत नाही. डिसेंबरात कापसाचा वेचा असतो आणि फेब्रुवारी-मार्चात मृग बहराच्या संत्र्याची तोडणी. मोकळीक मिळते ती एप्रिलच्या शेवटी, बाग ताणावर सोडली की. ताण म्हणजे झाडाचं पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची. मग मृगाच्या पावसासरशी झाड फुलतं. या दिवसांत बागेत माणसाचं काम नसतं, उलट हात शिवशिवून कोणी पाणी सोडलं तर नुकसानच. म्हणून आम्ही दोघं वैशाखात निघालो, वाळवंटाकडे. आमचं कारंजा (घाडगे) वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेला, नागपूर-अमरावती महामार्गावर. पंचेचाळीस अंशांचं ऊन आमच्या ओळखीचं आहे. त्याची भीती नव्हती.

बिकानेर का, याचं कारण माझ्याकडे होतं. माझा जन्म नागपूरच्या डागा दवाखान्यातला, आणि लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मोठमोठ्या सभा पाहिल्या त्या कस्तुरचंद पार्कावर. ज्या सर कस्तुरचंद डागांच्या नावाचं ते मैदान, त्यांचं घराणं बिकानेरचं. बन्सीलाल अबीरचंद ही त्यांची सावकारी पेढी कामठी-नागपुरात नावाजलेली होती. आमच्या कापसाच्या मुलखात पैसा फिरवणारी कितीतरी घरं त्या वाळूतून आली. ती कुठून आली, काय खाऊन वाढली, हे एकदा पाहावं असं मनात होतं.

नागपूरहून जयपूर, आणि तिथून सीकर-चुरूवरून जाणारी दुसरी गाडी. सीकर स्टेशन आलं तेव्हा मी यांना उठवलं. जमनालाल बजाजांचं जन्मगाव, काशी का बास, याच जिल्ह्यातलं. १८८९मध्ये तिथे जन्मलेला मुलगा वर्ध्याच्या बच्छराज शेटजींना दत्तक गेला, त्याने १९२८मध्ये वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं आणि पुढे गांधीजींना वर्ध्यात आणलं. आमच्या जिल्ह्याचा इतिहास ज्या मातीतून उचलून आणला गेला, ती माती खिडकीबाहेर पिवळी, भुसभुशीत होती आणि तिच्यात एकेक झाड लांब लांब उभं होतं. हे म्हणाले, "शेतात झाडं ठेवली आहेत पाहा वं, कोणी तोडली नाहीत." ते झाड म्हणजे खेजडी. आपली शमी. दसऱ्याला आपण तिची पूजा करतो आणि वर्षभर विसरतो. इथे माणूस, शेळी, उंट, सगळे तिच्यावर जगतात.

जुन्या शहरात एका हवेलीतल्या दोन खोल्या आम्हाला राहायला मिळाल्या. घरात तीन पिढ्या आणि सगळ्यांवर माजीसा. वय सत्तरीच्या पुढचं, आवाज खणखणीत. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या सज्जातलं बोलणं आपल्या खोलीत ऐकू येतं. दोन्ही बाजूंना दुलमेऱ्याच्या तांबड्या दगडातल्या हवेल्या, दगडावर जाळ्या, कमानी, वेलबुट्टी. रामपुरियांच्या हवेल्या सर्वांत देखण्या. पुष्कळशा हवेल्यांना कुलपं आहेत, कारण मालक कोलकात्याला नाहीतर मुंबईला. डागा चौकात उभी राहिले तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. पुढे मोहता चौक लागला. हे लगेच म्हणाले, "हिंगणघाटची मोहता मिल!" ही नावं आम्ही गिरण्यांवर आणि दवाखान्यांवर वाचली होती. इथे ती गल्लीबोळांची साधी नावं आहेत. त्या नावांच्या आडोशाला एक म्हातारा न्हावी दाढी करत बसलेला असतो.

दुपारी बारा ते पाच या शहरात कोणी हलत नाही. आमच्याकडेही उन्हाळ्यात दार लोटून घेतात, पण महामार्गावरचे ट्रक दिवसभर धडधडत असतात. इथे खरोखर काही ऐकू येत नाही. गल्ल्या अरुंद का बांधल्या ते तेव्हा कळतं. एका भिंतीची सावली समोरच्या भिंतीवर पडते आणि दगड तापतच नाही. "ऊन आपल्यावानीच आहे, पण सावली जास्त थंड लागते," हे यांचं निरीक्षण अगदी बरोबर. हवा कोरडी, घाम येता येता वाळतो.

त्या शांत दुपारी मी बहुतेक वेळ माजीसांच्या स्वयंपाकघरात घालवला. तिथे जे शिकले, ते कोणत्याही किल्ल्यात शिकले नसते.

आम्ही गेलो ते दिवस नेमके केर आणि सांगरीचे. गच्चीवर जुन्या साड्या पसरून त्यांच्यावर सांगरी वाळत घातलेली होती. सांगरी म्हणजे खेजडीच्या कोवळ्या शेंगा, चवळीच्या शेंगेपेक्षा बारीक. आधी उकळून घ्यायच्या आणि मग वाळवायच्या. वाळल्या की काळपट, सुतळीसारख्या दिसतात. केर हे काटेरी, बिनपानांच्या झुडपाचं हिरवं फळ, बोराएवढं, चवीला जहाल कडू. ते मिठाच्या ताकात कित्येक दिवस बुडवून ठेवतात, ताक बदलत राहतात, आणि कडूपणा गेला की उन्हात टाकतात. कुमटियाच्या बिया, गुंद्याची फळं आणि आमचूर घालून पाच जिनसांची भाजी होते, तिला पंचकुटा म्हणतात. माजीसांनी ती माझ्यासमोर केली. रात्रभर भिजवलेलं सारं उकडून, चांगलं धुऊन घेतलं. लोखंडी कढईत तेल तापवून जिरं, हिंग, अख्ख्या लाल मिरच्या, धणे, हळद. त्यात हे सगळं परतलं आणि शेवटी आमचूर. कांदा नाही, टोमॅटो नाही, पाण्याचा थेंब नाही. "आठ दिवस हात लावू नका, तरी नासणार नाही," त्या म्हणाल्या. व्यापारी उंटावरून महिनोन्‌महिने जायचे, त्यांच्याबरोबर ही भाजी जायची.

चव सांगायची तर आधी आंबट, मग तिखट, आणि सगळ्यात शेवटी केराचा एक कडसर, लोणच्यासारखा झटका. यांना पहिल्या घासाला आवडली नाही. तिसऱ्या घासाला त्यांनी पुन्हा वाढून घेतली.

मी माझ्या पिशवीतून भिवापुरी मिरचीचं तिखट, कुरड्या, खारोड्या आणि मुगवड्या काढून माजीसांपुढे ठेवल्या. त्यांनी खारोडी मोडून पाहिली, हुंगली, आणि घरातल्या सुनांना हाक मारली. मग आमच्या भाषेची अडचण संपली. त्यांच्याकडे मुगाची मंगोडी, ताकातली मक्याची राबोडी, काचरीच्या वाळवलेल्या चकत्या, मेथीदाणे. आमच्याकडे सांडगे, सांडगी मिरची, वाळवलेली गवार. दोन्हीकडच्या बायका उन्हाळ्यात गच्चीवर, अंगणात राबतात. फरक एवढाच की आमच्याकडे साधारण शंभर सेंटीमीटर पाऊस पडतो आणि बिकानेरला पंचवीस-तीस. आमची वाळवणं पावसाळ्यात तोंडी लावायला असतात. त्यांची वाळवणं हीच भाजी होती, वर्षाचे बाराही महिने. ज्या पिढ्यांनी ताज्या भाजीची वाटच पाहिली नाही, त्यांनी कडू फळाला ताकात मुरवून खाण्याजोगं केलं, पापडाची भाजी केली, बेसनाच्या गट्ट्यांची केली, मेथीदाण्यांची केली. याला गरिबीचं जेवण म्हणणारा माणूस मला भेटला तर मी त्याच्याशी भांडेन. कढईत पाणी घालण्याआधी विचार करणाऱ्या बायकांनी ही पाककला घडवली आहे, आणि तिच्यातली नजाकत पंचपक्वान्नांच्या ताटाला हार जाणारी नाही.

अक्षय्य तृतीया आम्ही तिथेच केली. घरची पित्रांची घागर थोरल्या जाऊबाईंकडे भरली जाते, म्हणून बाहेर राहणं चाललं. बिकानेरचा तो वाढदिवस. जोधपूरच्या राव जोधांचा मुलगा राव बीका याने १४८८मध्ये वैशाख शुद्ध द्वितीयेला हे शहर वसवलं, म्हणून आखाबीज आणि आखातीज असे दोन्ही दिवस सण. आणि सण कसला, तर पतंगांचा. संक्रांतीला नाही, भर वैशाखात! पहाटेपासून सगळं गाव गच्चीवर. डोक्याला ओलं फडकं, हातात मांजा, आणि पतंग कापला की गल्लीभर आरोळी, "बोई काट्या!" कागदाचा मोठा गोल पतंगही उडवतात, त्याला चंदा म्हणतात. दोन दिवस ज्या शहरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, ते शहर तेव्हा आकाशाकडे तोंड करून ओरडत होतं. हे तर मुलांत मूल झाले. माजीसांच्या नातवाने त्यांच्या हाती चक्री दिली आणि ऊन डोक्यावर आलं तरी ते खाली उतरले नाहीत.

त्या दिवशी ताटात खीचडा. गहू किंवा बाजरी भिजवून, कांडून, डाळीबरोबर मऊ शिजवायची आणि वर तूप ओतायचं, मध्ये खड्डा करून. सोबत वडीची भाजी आणि इमलाणी, म्हणजे गूळ घातलेलं चिंचेचं गार पाणी. पहिला घोट घेतला आणि मी पेला खाली ठेवला. त्याच दिवशी, त्याच वेळी कारंज्यात थोरल्या जाऊबाई पित्रांच्या पानावर चिंचवणी वाढत असणार. आमच्याकडे ती आधी गेलेल्यांसाठी, इथे शहराच्या जन्मदिवसासाठी. मी माजीसांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, उन्हाला उतारा दोन्हीकडे एकच.

जुनागढ किल्ला आम्ही सकाळी लवकर उरकला. राजा रायसिंहाच्या काळात, १५८९ ते १५९४, तो सपाट जमिनीवर बांधला गेला. सोनेरी दालनं पुष्कळ आहेत, पण मी थांबले ती बादल महालात. भिंतींवर निळे ढग, त्यांच्यात नागमोडी विजा आणि पावसाच्या धारा रंगवलेल्या. पाऊस पाहायला मिळत नाही म्हणून राजाने तो भिंतीवर काढून घेतला. आणखी एका गोष्टीने मला खिळवलं. इथला राजा करणसिंह मोगलांच्या चाकरीत दख्खनेत होता आणि औरंगाबादेतच वारला. नवरात्रात जिथे यात्रा भरते ते तिथलं कर्णपुरा त्याच्या नावाचं, शेजारचं पदमपुरा त्याच्या मुलाचं. दुसरा मुलगा अनूपसिंह आयुष्यभर दख्खनच्या मोहिमांत राहिला, १६९८मध्ये आदोनीला मेला, आणि त्या धुमश्चक्रीत संस्कृत हस्तलिखितं जमवून बिकानेरला पाठवत राहिला. लालगढ राजवाड्यातलं अनूप संस्कृत ग्रंथालय ती त्याची पुंजी. मराठ्यांविरुद्ध लढायला आलेला माणूस म्हणून आपण त्याला एका ओळीत संपवतो. पोथ्या वाचवणारा म्हणूनही तो लक्षात राहायला हवा. नागपुरी संत्र्याचं रोपही भोसल्यांनी औरंगाबादेहूनच आणलं असं सांगतात. औरंगाबाद हे आम्हा दोन्ही गावांचं सामाईक अंगण निघालं.

भांडासर जैन मंदिराची कथा आमच्या दोघांच्या आवडीची. पंधराव्या शतकात भांडा शाह या व्यापाऱ्याने ते सुमतिनाथांसाठी बांधायला घेतलं आणि पायात पाण्याऐवजी तूप ओतलं, म्हणून उन्हाळ्यात फरशीतून अजून तूप पाझरतं, असं सांगतात. पाण्यापेक्षा तूप सोपं वाटावं असा मुलूख, एवढं त्या कथेवरून नक्की समजतं.

भुजियाबद्दल लिहिलं नाही तर बिकानेरला गेलो हे कोणी मानणार नाही. महाराजा डूंगरसिंहांच्या काळात, १८७७मध्ये, ती पहिल्यांदा झाली असं मानतात. अस्सल भुजिया मोठाच्या पिठाची. मोठ म्हणजे आपली मटकी, वाळूत थोड्या पावसावर येणारी. त्यात थोडं बेसन आणि मसाला. जुन्या शहरात सकाळी कढया चढतात, कारागीर झाऱ्यावर पीठ तळव्याने घासतो आणि खाली तेलात बारीक, वेड्यावाकड्या तारा पडतात. गरम भुजिया पुडीत घेऊन तिथेच उभ्याने खावी. पाकिटातल्या भुजियाशी तिचं नातं फक्त नावाचं. आणि पाकिटाची गोष्टही इथलीच. गंगाबिशन अग्रवाल, घरचं नाव हल्दीराम, यांनी १९३७मध्ये बिकानेरात दुकान थाटलं. त्या घराण्याची एक शाखा नागपूरला आली आणि आमच्या संत्र्याची बर्फी देशभर घेऊन गेली. भुजियाला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नागपुरी संत्र्याला २०१४मध्ये. हे त्या दुकानदाराला सांगितल्यावर त्याने आणखी एक पुडी बांधली आणि पैसे घेतले नाहीत.

पापडही असाच. कारखान्यातून मळलेलं, साजीखार घातलेलं पीठ घरी आणून बायका लाटतात आणि मोजून परत देतात. माजीसांच्या गल्लीत दारोदारी पोळपाट वाजत होते. त्यांच्या मनगटांचं दुखणं पाकिटावर छापलेलं नसतं.

रात्री हे शहर बाहेर येतं. चौकाचौकांत मोठमोठे लाकडी पाटे मांडलेले आहेत, दहा-पंधरा माणसं सहज मांडी घालून बसतील एवढे. जेवणं झाली की पुरुष तिथे जमतात आणि मध्यरात्रीपर्यंत गप्पा चालतात: राजकारण, पाऊस, सोयरीक, क्रिकेट. आमच्याकडे पारावर जे चालायचं ते. बायका पाट्यावर बसत नाहीत, हे मला खटकलं आणि मी ते बोलून दाखवलं. एका वयस्कर गृहस्थांनी सरकून जागा केली, "पधारो सा." मी बसले. कोणी काही म्हटलं नाही, पण समोरच्या सज्जातून पाहणाऱ्या सुनेच्या चेहऱ्यावरचं हसू मला दिसलं.

त्या रात्री विषय पाण्याचा निघाला, कारण नहरबंदी चालू होती. कालव्याच्या दुरुस्तीसाठी उन्हाळ्यात पाणी बंद करतात आणि शहराला मोजून मिळतं. पंजाबातल्या हरिकेपासून निघणारा इंदिरा गांधी कालवा सुमारे साडेसहाशे किलोमीटरचा. बिकानेर संस्थानाचे अभियंता कंवर सेन यांनी १९४८मध्ये त्याची कल्पना मांडली, काम १९५८मध्ये सुरू झालं. त्याच्याही आधी, १९२७मध्ये, महाराजा गंगासिंहांनी गंग कालवा आणला आणि गंगानगरची वाळू हिरवी झाली. आज तिथे किन्नूच्या बागा आहेत. किंग आणि विलो लीफ या दोन जातींचा हा संकर १९३५मध्ये कॅलिफोर्नियातून बाहेर पडला आणि आता दिल्लीच्या मंडईत आमच्या संत्र्याला पाडतो. दुपारी रसाच्या गाडीवर शीतगृहातल्या किन्नूचा रस यांनी चाखला होता. "रस भरपूर, रंग चांगला, वास नाही," असा निकाल दिला आणि तो मला मान्य आहे.

पाट्यावरच्या गृहस्थांनी विचारलं, "तुमच्याकडे तर पाऊस आहे, विहिरी आहेत. तुम्हाला काय चिंता?" यांनी सांगितलं की आमच्या शेजारी वरूड-मोर्शीकडे संत्र्यासाठी बोअर आठशे-हजार फुटांपर्यंत गेल्या आहेत आणि तरी बागा वाळतात. पाट्यावर सगळे गप्प झाले. मग एकजण म्हणाला की कालवा आल्यापासून त्यांच्याकडेही अंगणातली पावसाच्या पाण्याची टाकी, कुंड, कोणी साफ करत नाही. कालव्याकाठी तर जमिनीत पाणी साचून सेम होते, क्षार वर येतात, पीक जातं. पाणी आलं की हिशेब सुटतो, हे दोन्हीकडचं दुखणं त्या पाट्यावर उघडं पडलं.

दुसऱ्या दिवशी जोडबीडचं राष्ट्रीय उष्ट्र अनुसंधान केंद्र पाहिलं. १९८४पासून तिथे बिकानेरी, जैसलमेरी, कच्छी, मेवाडी उंटांवर काम चालतं. उंटिणीच्या दुधाची कुल्फी खाल्ली, किंचित खारट आणि चांगली. पण २०१९च्या पशुगणनेत देशात उंट उरले अडीच लाख. सात वर्षांपूर्वी चार लाख होते. हे आमच्या हेटीकुंडीच्या गवळाऊ गाईंबद्दल बोलायला लागले. पांढरी, चपळ, ओढकामाची ती जात आमच्याच तालुक्यात वाढली, आणि ट्रॅक्टर आल्यावर तिलाही उंटासारखेच दिवस आले. इथली राठी गाय मात्र दूध देते म्हणून टिकली आहे.

परतीच्या वाटेवर शहराबाहेर सौर पट्ट्यांची रांगच रांग दिसली. त्यांच्यासाठी खेजडी तोडली जाते आणि बिश्नोई लोक त्याविरुद्ध धरणं धरून बसतात. १७३०मध्ये जोधपूरजवळ खेजडलीला अमृतादेवींसह ३६३ माणसांनी याच झाडासाठी जीव दिला होता. वीज उन्हापासून मिळावी हे मला पटतं. पण ज्या झाडाने या मुलखाला दुष्काळात जेवू घातलं, ते तोडून नव्हे.

माजीसांनी निघताना सांगरी, केर आणि खेजडीच्या वाळल्या शेंगांतलं मूठभर बी पुडीत बांधून दिलं. आमच्या धुऱ्यावर शमी लावायची हे आम्हा दोघांचं ठरलं आहे. जागेवरून मात्र वाद चालू आहे. यांना ती विहिरीजवळ हवी, म्हणजे जनावरांना सावली होईल. माझं म्हणणं, तिला विहिरीची गरज नाही, मूळ खोल जातं. पूर्वेच्या मुरमाड तुकड्यावर, जिथे संत्रा कधीच जगला नाही, तिथे लावू.